पानी लिहा, डाक्टर

मागच्या उन्हाळ्यात नागपूरला माझ्या बायकोला कॅन्सरच्या गाठीवरचं औषध शिरेतून द्यायला सुरुवात झाली. वॉर्डातल्या एका कोवळ्या नर्सनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "काका, हे औषध लघवीच्या पिशवीला आतून जाळतं. दिवसभर पाणी पाजत राहा. लघवी तुंबू देऊ नका. लाल दिसली तर लगेच मला हाक मारा."

मी मान डोलावली. मी स्वतः डॉक्टर आहे, हे तिला सांगितलं नाही. व्हरांड्यात आलो आणि मला राग आला. त्या मुलीवर कशाला येईल? ती अगदी बरोबर बोलली होती. राग आला तो असा, की तीस वर्षांपूर्वी हीच गोष्ट चांद्याच्या जंगलात एक बाई घसा फाडून सांगत होती आणि आम्ही शिकलेली माणसं तिच्या तोंडच्या शब्दांना नाकं मुरडत होतो.

तिचं नाव अनसूयाबाई.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. नागपूरहून डॉक्टरकी शिकून मी नुकताच बाहेर पडलो होतो, आणि मला पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका दवाखान्यात पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही. चार खाटा, कौलारू छप्पर, पाठीमागे विहीर. कर्मचारी म्हणाल तर एक कंपाउंडर, तो बहुतेक रजेवर. आणि एक नर्स, अनसूयाबाई. पेनिसिलिनची इंजेक्शनं जिल्ह्याच्या गावातच संपून जात. आमच्यापर्यंत पोचत त्या सल्फाच्या गोळ्या. छातीत कफ भरला, सल्फा. मेंदूत ताप गेला, सल्फा. बाळंतपणात बाई तापली, सल्फा. आमच्या पुस्तकांत त्या वेळी या गोळ्यांच्या उपचारालाच केमोथेरपी म्हणत. शब्द तोच, आज माझी बायको ज्याला घाबरते.

गोळ्या गुणाच्या होत्या, यात शंका नाही. मरणारी माणसं उठून शेतावर गेलेली मी पाहिली आहेत. पण त्यांची एक खोड होती. अंगात पाणी कमी असलं, की लघवीत उतरताना त्या औषधाचे खडे बनत. बारीक काचेसारखे, टोकदार. ते मूत्रपिंडापासून पिशवीपर्यंत सगळी वाट ओरबाडून काढत. आधी रेती पडे, मग रक्त, आणि मग काहीच पडत नसे. उपाय इतका सोपा, की सांगायला लाज वाटावी: गोळीबरोबर खायचा सोडा आणि भरपूर पाणी.

हे मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. अनसूयाबाईंना ते पोटातून ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी छातीचा एक रोगी आला. मी तपासलं, ऐटीत चिठ्ठी लिहिली आणि औषधाच्या खिडकीकडे पाठवलं. पाच मिनिटांत ती चिठ्ठी घेऊन बाई माझ्यासमोर उभ्या. बुटक्या, काळ्या, हाडापेरानं जाड. पांढरं पातळ, पायात काही नाही. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं सुतळी.

"डाक्टर, यात पानी कुठी लिहिलं?"

"पाणी काय लिहायचं? पाणी माणूस पितोच."

"नाई पेत. तापात पानी देऊ नोको म्हनून त्याची माय घागर लपवून ठेवते. तुम्ही इथले नाई, तुम्हाले नाई माहीत. पानी लिहा, डाक्टर. तुमी लिहिलं त मी सांगू शकतो का बाप्पा, हे पन औषधच आहे, साहेबानं लिहून देल्लं."

"बाई, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

"तुमीच आहा," त्या म्हणाल्या. "म्हनूनच त तुम्हाले म्हनून राह्यली. मी असती त मीच नसतं का लिहिलं?"

आणि त्या हलल्या नाहीत. मागं रोग्यांची रांग, सगळे ऐकत होते. मी चिडून चिठ्ठीवर 'पाणी' लिहिलं. त्यांनी ते वाचलं, म्हणाल्या, "किती?" मी त्यांच्याच बोलीत लिहिलं, 'रोज बारा गडवे', म्हणजे तांबे. मग गेल्या. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की या बाईची बदली करवून घ्यायची.

पुढं त्यांचं काम पाहिलं, तसा तो विचार मावळला. पण त्यांच्यावर माया करणं सोपं नव्हतं. त्या कायम चिडलेल्या असत. खाटेशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि रोग्याचा गडवा रिकामा होईपर्यंत त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होते का ते पाहत. कोणी अर्धा गडवा हळूच जमिनीवर ओतला, तर दुसरा भरून आणत, वर शिव्या. एरंडेल संपलेली एक पांढऱ्या काचेची बाटली त्यांनी धुऊन ठेवली होती. सल्फा घेणाऱ्या प्रत्येकानं सकाळी तिच्यात लघवी करायची आणि बाईंनी ती उन्हात धरून पाहायची. तळाला धूळ बसली दिसली, की मला न विचारता सोड्याची पुडी.

आणि तो प्रश्न. आठवड्याच्या बाजाराचा दिवस असो, दारात गावचा पाटील बसलेला असो, बाई भर व्हरांड्यात ओरडत, "ए भाऊ, मुतला का?"

लोक हसत. गावात त्यांना 'मुतवाली बाई' म्हणत. शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा मला सुचवलं, की जरा सभ्य शब्द वापरायला सांगा, बायाबापड्या असतात. मी भीत भीत सांगितलं.

"सभ्य शब्द कोनता?"

"लघवी."

"तुम्ही काल त्या म्हातारीले विचारलं, लघवीला होते का. ते म्हने होते. काऊन म्हने? तिले समजलंच नाई. साहेब विचारते त हो म्हनावं, एवढंच तिले माहीत. दोन दिवसांपासून थेंब नव्हता तिचा." बाईंचा आवाज चढला. "हेडमास्तरले सांगा, लाज वाटते त कानात बोटं घालून बस. लाजून मानूस मरते इथी."

हा राग त्यांना कुठून मिळाला, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही रागातच. गोळ्यांच्या प्रत्येक खोक्यात घडी घातलेला एक इंग्रजी कागद येई. मी तो फाडून टाकत होतो. बाईंनी माझ्या हातातून तो ओढून घेतला.

माझ्या आधीच्या डॉक्टरांच्या वेळी बाळंतिणीच्या तापाची एक बाई आली होती. गोळ्या घेऊन ताप उतरला आणि लघवीतून रक्त सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, रोगाचंच आहे. बाईंना ते पटेना. त्यांनी खोक्यातला कागद उचलला आणि शाळेतल्या एका मास्तरांकडे गेल्या. त्या मास्तरांचं इंग्रजी बेताचंच. शब्दकोश घेऊन दोघं शाळेच्या पायरीवर बसले. औषधांची नावं त्यांना लागली नाहीत. पण खाली एका ओळीत लिहिलं होतं ते लागलं: पाणी भरपूर द्यावं, लघवी कमी झाली तर गोळ्या थांबवाव्यात. बाई धावत दवाखान्यात आल्या. गोळ्या थांबवल्या, पाणी पाजलं, ती बाळंतीण वाचली.

"वाचली ना मग," मी म्हणालो. "आता राग कशाचा?"

"कागद दर डब्यात येते, डाक्टर. अन् डब्यातच मरते. तिच्या आधी किती मेले असतीन, ज्यायले तुम्ही लोकायनं रोगानं मेले म्हनून जाळलं?" तो कागद त्यांनी माझ्या टेबलावर आपटला. "मास्तरले समजत नव्हतं तरी त्यानं वाचलं."

त्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला. बाजारपेठेतला करीम शिंपी छातीच्या तापानं पडला. मी गोळ्या दिल्या, पाणी लिहिलं. दोन दिवसांनी बाई त्याच्या घरून परत आल्या त्या फणफणत. करीम दिवसा पाण्याचा थेंब घेत नव्हता. दिवसभराच्या गोळ्या संध्याकाळी रोजा सोडताना एकदम घेत होता. बाटलीच्या तळाला बोटभर गाळ.

"बाई, धर्माची गोष्ट आहे," मी म्हणालो. "आपण मध्ये पडू नये."

"मी नाई पडत. ज्यानं पडावं त्याले घेऊन जातो."

त्या सरळ मशिदीच्या दारात गेल्या. आमच्या गावचे मौलवीसाहेब वयानं फार मोठे होते, एका डोळ्यानं अधू. बाईंनी बाटली त्यांच्यासमोर धरली. मी लांबून पाहत होतो. मला वाटलं, आता गावात भांडण पेटणार. मौलवीसाहेबांनी बाटली हातात घेतली, चांगल्या डोळ्याजवळ नेली, उन्हात फिरवली.

"ये क्या है, बेटी?"

"खडे आहेत. याच्या मुताच्या थैलीले फाडून राह्यले. अजून दोन दिवस पानी नाई पेला त थैली कोरडी पडन."

मौलवीसाहेब काठी घेऊन उठले. भर दुपारी, डांबर नसलेल्या त्या तापल्या रस्त्यानं, बाईंच्या मागोमाग करीमच्या घरी गेले. करीम उठून बसायला लागला तर त्यांनी त्याला हातानं निजवलं. "बीमार को रोजा माफ है. बाद में रख लेना. खुदा ने जान अमानत दी है, उसको फेंक मत." आणि स्वतः रोजा असताना, सुकलेल्या ओठांनी, त्यांनी करीमच्या तोंडाला गडवा लावला. एक, मग दुसरा. करीम रडत रडत प्याला.

परत येताना बाई म्हणाल्या, "पाह्यलं, डाक्टर? शिकलेला मानूस असा असते." त्या मला टोमणा मारत होत्या की कौतुक करत होत्या त्या म्हाताऱ्याचं, कळलं नाही. दोन्ही असेल.

करीम बरा झाला. पुढल्या उन्हाळ्यात मात्र जे झालं, ते सांगायलाच मी बसलो आहे.

गावापासून चार कोसांवर बांबूची तोड चालू होती. ठेकेदार बाहेरचा, मोठा माणूस. तो स्वतः महिन्यातून एकदा जीपनं येई. बाकी सगळं त्याचा दिवाणजी पाही. मजूर बहुतेक गोंड, आसपासच्या टोल्या-पाड्यांतले. त्या साली तोडीवर खोकला-तापाची साथ आली. मजूर दवाखान्यात आले तर दोन-तीन दिवस मोडणार. म्हणून दिवाणजीनं शहरातून सल्फाच्या गोळ्यांचा डबाच आणवला. कोणी खोकलं, की दोन-चार गोळ्या हातावर. आणि लगेच पुन्हा कामावर.

आणि पाणी? नाला कधीच आटला होता. पाणी दोन कोसांवरून बैलगाडीवर लोखंडी पिंपात येई. आधी ठेकेदाराच्या तंबूला, मग बैलांना, मग मजुरांना. सकाळी एक गडवा, संध्याकाळी एक. मे महिन्यात, बांबू तोडणाऱ्या माणसाला.

एके दिवशी सकाळी त्या तोडीवरून एक बैलगाडी आमच्या दारात थांबली. आत तीन जण. दोघांना लाल लघवी होत होती, ते कण्हत होते. तिसरा कण्हत नव्हता. सुकरू मडावी त्याचं नाव. पंचविशीतला, खांदे दरवाजाएवढे. शेजारी त्याची बायको रुखी. बाईंनी त्याच्या ओटीपोटावर हात ठेवला, दाबला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"थैली रिकामी आहे."

मी नळी घातली. चार थेंब आले, गडद लाल, त्यांत रेतीसारखं काहीतरी. दोन दिवसांपासून त्याला लघवीच झाली नव्हती, रुखी म्हणाली. तरी काल दुपारपर्यंत तो तोडीवर होता. दिवाणजीनं आज सकाळीसुद्धा दोन गोळ्या दिल्या होत्या, ताप जाईल म्हणून.

पहिल्या दोघांना बाईंनी ताब्यात घेतलं. सोडा, पाणी, कमरेला गरम पाण्याच्या पिशव्या. संध्याकाळपर्यंत एकाची लघवी मोकळी झाली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. सुकरूची वाट वरूनच बंद झाली होती. त्याला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं होतं. तिथं वरपर्यंत बारीक नळी घालून खडे धुऊन काढता येत. बैलगाडीनं मूल गावच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि पुढं छोटी रेल्वे. तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता.

ठेकेदाराचा ट्रक मात्र रोज दुपारी बांबू भरून आमच्या दारावरून जाई. त्या दिवशी तो आला तेव्हा अनसूयाबाई रस्त्याच्या मध्ये उभ्या होत्या. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. त्या हलल्या नाहीत. ट्रक त्यांच्यापासून हातभरावर थांबला. केबिनमधून दिवाणजीनं डोकं बाहेर काढलं.

"ओ बाई, हटा. माल पोचवायचा आहे."

"हा सुकरू बी मालच आहे तुमचा. तुमच्याच गोळ्या भरल्या आहेत याच्यात. घ्या, याले पन पोचवा."

"बाई, ट्रक मालकाचा आहे. मी विचारून येतो."

"विचारून येईपर्यंत त्याचा जीव थांबते का?"

"आज रात्री मालकाला निरोप देतो. उद्या गाडी येईल. शब्द देतो."

मी पुढं झालो. मीच बाईंना बाजूला घेतलं. मी म्हणालो, "शब्द देताहेत ना ते. अडवणूक बरी दिसत नाही." बाईंनी माझा हात झटकला, पण तेवढ्या फटीतून ट्रक निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. सुकरूला उचक्या लागल्या. मग तो झोपेत बोलावं तसं गोंडीत बोलू लागला. रुखी ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी त्याचं तोंड पुसलं, पाय सरळ केले, रुखीच्या गळ्यात हात टाकून थोडा वेळ बसल्या. मग उठल्या आणि मला म्हणाल्या, "चला."

"कुठं?"

"तोडीवर. अजून चाळीस मानसं आहेत तिथी."

आम्ही दुसऱ्या सकाळी त्याच बैलगाडीनं गेलो. दिवाणजी तंबूच्या सावलीत बसला होता. बाई त्याच्याजवळून सरळ तंबूत शिरल्या, गोळ्यांचा डबा उचलला आणि माझ्या हातात दिला. तंबूबाहेर पाण्याचं भरलेलं पिंप होतं, गोणपाटानं झाकलेलं. त्यांनी गोणपाट काढून फेकलं, कमरेवर हात ठेवले आणि ओरडल्या, "येर! येर!" गोंडीत पाण्याला येर म्हणतात.

बांबूच्या बेटांतून माणसं बाहेर आली. आधी लांबच उभी राहिली, दिवाणजीकडे पाहत. बाईंनी पहिला गडवा भरून एका म्हाताऱ्याच्या हातात दिला. तो एका दमात प्याला. मग सगळे पुढं सरकले.

"सरकारी कामात अडथळा आणता तुम्ही!" दिवाणजी किंचाळला. "वर तक्रार जाईल. डॉक्टर, तुम्ही तरी सांगा यांना."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "वर जाईन त वरच्यायले पन समजन. अन् आजपासून कोनी पान्याशिवाय गोळी देल्ली त मी तुह्याच तोंडात मूठभर कोंबतो अन् उन्हात बसवतो. मंग तुले विचारतो, मुतला का म्हनून."

कोणीतरी हसलं. मग सगळे हसले. सुकरूला मरून एक दिवस झाला होता आणि ती माणसं हसत होती, पाणी पीत होती. तो आवाज मला आजही कडू लागतो आणि गोडही.

तक्रार वर गेलीच. आठवड्यात आमच्या खात्याचे वरचे साहेब तपासणीला आले. आले ते ठेकेदाराच्या जीपमधून. ज्या गाडीसाठी सुकरू तीन दिवस पडून होता, तीच गाडी. साहेब गोड माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मृत्यूचं कारण काय लिहिणार?"

मी गोळ्यांचं सांगितलं.

"त्याला न्यूमोनिया होता ना?"

"होता."

"मग न्यूमोनियानं मृत्यू. यात खोटं काय आहे? उगाच गोळ्यांबद्दल लोकांच्या मनात भीती बसेल. तुमचं आयुष्य पुढं आहे, डॉक्टर."

मी लिहिलं. सही केली. माझं हस्ताक्षर त्या दिवशी नेहमीपेक्षा चांगलं आलं, हे मला आठवतं, आणि त्याचीही चीड येते.

साहेबांनी रजिस्टर बाईंकडे सरकवलं. "नर्सची सही लागेल इथं."

बाईंनी चष्मा नीट केला. सावकाश वाचलं. मग टाक घेतला आणि माझ्या सहीच्या खाली, मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: सुकरू मडावी मुत बंद होऊन मेला. गोळ्या दिल्या, पानी नाही दिलं.

साहेबांनी ते वाचलं आणि पान फाडलं. बाईंनी पुढच्या पानावर तेच लिहिलं. साहेबांनी तेही फाडलं. बाईंनी तिसऱ्या पानावर टाक टेकवला आणि मान वर न करता म्हणाल्या, "रजिस्टर लय जाड आहे, साहेब. फाडत राहा."

साहेबांनी रजिस्टरच उचलून नेलं.

त्यानंतर बाई माझ्याशी कामापुरतं बोलत. चिठ्ठ्या घेत, औषध देत, बाटल्या उन्हात धरत. मला ते सहन होईना. एक दिवस मीच म्हणालो, "बाई, माझ्यावर रागावला आहात ना? शिव्या द्या. पण अशा गप्प राहू नका."

त्या सोड्याच्या पुड्या बांधत होत्या. "ट्रकाचा राग नाई, डाक्टर. तुम्हाले वाटलं तो शब्द पाळन. भोळा मानूस चुकते. सहीचा पन येवढा नाई. नोकरी सगळ्यायले पाहिजे, मलेही पाहिजे." त्यांनी एक पुडी बांधली, दुसरी घेतली. "राग याचा येते, की तुम्हाले वाचता येते. सारं वाचता येते तुम्हाले. मी चौथी शिकली. मले एवढं वाचता आलं असतं ना, त मी कोनाच्या बापाले ऐकलं नसतं."



पाऊस सरता सरता त्यांच्या बदलीचा हुकूम आला. सिरोंचाकडं, पार तेलंगणाच्या काठाला, जिथं त्यांची बोलीसुद्धा कोणी नीट समजणार नव्हतं. ठेकेदाराला पुढल्या सालची तोडही मिळाली. दिवाणजी तोच. फरक एवढाच झाला, की मजूर पाण्याशिवाय गोळी घेईनात. रुखी त्या तोडीवर पुन्हा कामाला लागली होती, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला ती नवऱ्याची गोष्ट सांगे. पिंपं एकाची तीन झाली. हे दिवाणजीच्या दयेनं झालं असं कोणी म्हणू नये.

हुकूम आला त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी खरा अहवाल लिहिला. गोळ्या, पाणी, ट्रक, माझी सही, सगळं. तो जिल्ह्याला पाठवला, एक प्रत नागपूरला. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

दोन दिवसांनी बाई निघाल्या. मी वैनगंगेच्या घाटापर्यंत त्यांच्यासोबत गेलो. पाणी अजून गढूळ, पात्र भरलेलं. एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी, एवढंच त्यांचं सामान. डोंगा यायला वेळ होता. वाळूत उभं राहून मी म्हणालो, "बाई, मी खरा अहवाल पाठवला."

"कवा?"

"परवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तिरस्कार असता तर मला बरं वाटलं असतं. "सुकरू उन्हाळ्यात मेला, डाक्टर," त्या म्हणाल्या.

डोंगा लागला. माणसं चढली. जंगलखात्याचा एक गार्ड स्वतःची सायकल आणि मोहाच्या फुलांची दोन पोती घेऊन चढला, आणि डोंगेवाल्यानं जागा नाही म्हणून पोर कडेवर घेतलेल्या एका बाईला काठावरच ठेवलं. पुढं काय झालं ते मला ऐकू आलं नाही, दिसलं तेवढं सांगतो. अनसूयाबाईंनी एक पोतं उचलून काठावर फेकलं. मग दुसरं. गार्ड तावातावानं उठला. त्यांनी त्या बाईला हात देऊन आत ओढून घेतलं आणि गार्डकडे वळल्या.

डोंगा निघाला. मी हात वर केला. त्यांनी पाहिलंच नाही, त्या भांडत होत्या. धारेला लागल्यावर डोंगा डुलायला लागला आणि पाण्यावरून डोंगेवाल्याचा काकुळतीचा आवाज आला, "बाई, बसा जी! खाली बसा, डोंगा कलंडते!"

त्या बसल्या नाहीत. गार्डकडे बोट रोखून, पांढरं पातळ वाऱ्यानं फडफडत, पलीकडचा काठ लागेपर्यंत त्या उभ्याच होत्या.